चौथं शील

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. सहा लुगड्यांची जाड गोधडी, पाणी प्यायली की एकट्याला उचलत नाही. नळाच्या कट्ट्याजवळ एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत साचे उचलून माझे हात तसेच राहिलेले. मी पीळ भरला तशी ती जागच्या जागी कलली आणि म्हणाली, "दमानं की जरा. गोधडीसंगं मला बी पिळताय व्हय?"

मी म्हटलं, तू टोक घट्ट धर, मग न्हाय पिळत. गोधडी दोरीवर टाकली. दोरी मध्येच लोंबायला लागली म्हणून खालून बांबूचा टेकू दिला. मग चहा प्यालो. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता ती उंबऱ्यातच कलंडली, आणि रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत संपली.

मी चौथी पास आहे. लिहायची सवय नाही. लिहून काढा असं ज्या बाईंनी सांगितलं त्यांच्याबद्दल पुढं येईलच. मला सांगायचंय ते तिच्या मरणाचं नाही. ती गेल्यावर मी जे केलं आणि मग पोटच्या पोरीशी जे खोटं बोललो, त्याचं आहे.

आमच्या वडलांनी धर्म बदलला तेव्हा घरातले सगळे देव पाटीत घालून पंचगंगेत सोडले. पाटीची एक कडी वडलांच्या हातात, दुसरी माझ्या. मला तेव्हा मिसरूड फुटत होतं. त्या दिवशी वडील घरी परत येताना ताठ चालत होते. त्यांना तसं चालताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि त्या ताठपणाचं मला जन्मभर वेड लागलं. पुढं मी विहाराच्या कमिटीत गेलो. दर रविवारी वंदना मी सांगायचो आणि लोक माझ्या मागून म्हणायचे. शिकलेला नसलो तरी आवाज भट्टीच्या धडधडीवर कमावलेला, माईक लागत नव्हता.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास आम्ही गल्लीत घरोघर फिरलो. कुणाच्या घरी अजून चोरून देव असतील तर समजावून सांगायचं, असं ठरलं होतं. समजावायला इतर होते, मी दटावायला होतो. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी विधवा राहायची. तिच्या फळीवर चार टाक होते. टाक म्हणजे देवाचं चित्र ठोकलेला धातूचा लहानसा पत्रा. ती म्हणाली, माझ्या सासूचे हायत, राहू द्या. मी फळीवर हात घातला आणि स्वतः खाली काढले. बाहेर उभं राहून मोठ्यानं म्हणालो, "माझ्या घरात येऊन बघा, एक टाक सापडला तर मिशी काढीन." लोक हसले. माझी बायको आमच्या दारात उभी होती. ती हसली का नाही ते मी बघितलं नाही. रात्री तिनं जेवायला वाढलं, रोजच्यासारखं.

तिच्या सातव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं. भावकी जमलेली, पांढरे कपडे, विहाराचे लोक ओसरीवर. आत बायकांना भाकरीला पीठ कमी पडलं. कुणीतरी म्हणालं, नाचणी हाय का बघा. वरच्या फळीवरचा मोठा डबा मी काढला. हात घातला तर दाण्यांच्या खाली कापडाची पुरचुंडी लागली. हिरवं खणाचं कापड. उलगडलं तर चांदीचा टाक, देवीचा, रुपयापेक्षा थोडा मोठा. घासून घासून देवीचं नाकडोळं पुसत आलेलं. त्यावर कुंकू होतं, आणि ते कुंकू जुनं नव्हतं.

मागं माझा चुलतभाऊ उभा होता. तो पण कमिटीतला. त्यानं बघितलं. म्हणाला, "दादा, तुमच्या घरात?" एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मजा वाटल्यासारखं होतं काहीतरी.

मी टाक मुठीत धरला तो धरलाच. त्या मुठीनंच लोकांना हात जोडले, निरोप दिले. तिच्याबद्दल मला तेव्हा काय वाटलं ते खरं लिहितो. दुःख नाही वाटलं. चाळीस वर्षं मला फसवलं असं वाटलं. ज्या बाईला सात दिवसांपूर्वी जाळलं तिच्यावर मी दात ओठ खात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरोलीला गेलो. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण गेटवर सगळे ओळखीचे. म्हणाले, वहिनींचं कळलं, बसा. मी भट्टीकडं गेलो. पाण्याच्या मोटारीची केसिंगं, म्हणजे बाहेरची लोखंडी कवचं, ओतायची होती, भट्टी भरलेली, लोखंड पातळ झालेलं. भट्टीत भलतं काही टाकायचं नाही, साधी विडी टाकायची नाही, हे मीच नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवलेलं. मी खिशातून टाक काढला आणि टाकला. आवाजसुद्धा झाला नाही. एवढ्या लोखंडात तेवढीशी चांदी म्हणजे काहीच नाही. ओतकाम झालं, साचे भरले. आता ती देवी कुठल्यातरी विहिरीवर कुणाच्यातरी मोटारीत पाणी ओढत असेल.

मला वाटलं विषय संपला.

पंधरा दिवसांनी मुलगी आली. एकुलती एक, कबनूरला दिली आहे, अंगणवाडीत काम करते. आईच्या लुगड्यांची वाटणी करायला आलेली. दोन लुगडी तिनं मावशीला बाजूला काढली, आणि मान खाली घालून म्हणाली, "आबा, नाचणीच्या डब्यात आईचं एक हाय. तेवढं मला द्या. तिनं मला लहानपणीच सांगून ठेवलंय."

म्हणजे तिला माहीत होतं. दोघींना माहीत होतं. घरात मी एकटाच बाहेरचा होतो.

मी म्हणालो, "काय हाय डब्यात? नाचणी हाय."

ती म्हणाली, "देवीचा टाक. आईकडच्या आज्जीनं तिला दिलेला. तुम्ही बघितलासा का?"

"आपल्यात टाक कुठनं येणार?" मी म्हणालो. "न्हाय बघितला."

ती "बरं" म्हणाली. मग तिनं डबा खाली काढला, अंगणात पोतं पसरलं आणि सगळी नाचणी चाळायला घेतली. चाळणीत ओंजळ ओंजळ घेत होती. नाचणी झाली तशी ज्वारी घेतली, मग तांदूळ, मग तूरडाळ. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तरी ती चाळत होती. मी बाजेवर बसून बघत होतो. मध्ये एकदा तिनं घाम पुसला आणि म्हणाली, आबा, तुम्ही आत पडा जावा, उन्हात नका बसू. मी आत जाऊन पडलो.

ही ती गोष्ट. टाक भट्टीत टाकला ते रागाच्या भरात झालं असं म्हणता येतं. चाळणीचा आवाज ऐकत मी गप पडून राहिलो, त्याला काही म्हणता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी विहारात वंदना सांगायला बसलो. पंचशील सुरू केलं. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. लोक वाट बघत राहिले. मी परत प्रयत्न केला. कुणीतरी पाणी आणलं. बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. त्यांना वाटलं बायकोच्या आठवणीनं भरून आलं. चुलतभावानं पाठीवर हात ठेवला आणि चौथं-पाचवं त्यानं पुरं केलं. घरी जाताना चारपाच जणांनी माझी किती माया होती बायकोवर असं बोलून दाखवलं. मी मान हलवली. ते पण खोटंच झालं.

मग मी विहारात जायचं सोडलं. जेवण सुटलं. दाढी वाढली. मुलगी दर रविवारी यायची, भाजी करून ठेवायची, आणि जाता जाता कुठंतरी हात घालून बघायचीच. फोटोच्या मागं, ट्रंकेच्या अस्तरात, धान्याच्या पाटीखाली. मावशीकडं विचारून आली. आईच्या मैत्रिणींकडं विचारून आली. मला काही विचारत नव्हती. तिनं कुठल्यातरी शिबिरात एका बाईंचं ऐकलं होतं, दुःखातल्या माणसांशी बोलतात म्हणून. मला म्हणाली, आबा, चला. मी म्हणालो, मला येड लागलं नाही. ती म्हणाली, येड लागलं असतं तर मला एवढी काळजी नव्हती.

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खोली. दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबल, खिडकीत कुंडी. बाई चाळिशीतल्या, बोलण्यावरनं पुण्याकडच्या, हळू बोलणाऱ्या. मी त्यांना डॉक्टरीणबाई म्हटलं तर म्हणाल्या, मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. मग काय देता म्हटलं. त्या म्हणाल्या, आपण बोलू.

मी म्हणालो, "नुसतं बोलायला दर मंगळवारी एवढे जिने चढायचे? मग आमचा गल्लीतला कट्टा काय वाईट हाय?"

"कट्ट्यावर काय होतं?"

"मी बोलतो. बाकीचे ऐकतात."

"इथंही तसंच आहे," त्या म्हणाल्या. मला हसू आलं. ती गेल्यानंतरचं पहिलं.

पहिले चार मंगळवार मी त्यांच्याशी पण खोटं बोललो. बायको कशी होती, स्वयंपाक कसा, गोधड्या कशा शिवायची, सगळं सांगितलं. त्या विचारायच्या, विहारात जाणं का थांबलं? मी सांगायचो, गुडघे दुखतात. त्या खिडकीकडं बघायच्या आणि परत माझ्याकडं. वाट बघायची तर त्यांना घाईच नव्हती. भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस मी, मला वाट बघता येते असं मला वाटायचं. त्यांच्यापुढं मी हरलो.

पाचव्या मंगळवारी त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, समजा इथं त्या बसल्या आहेत, काय बोलाल? मी म्हणालो, बाई, खुर्ची खुर्चीच असती. माझ्याच्यानं हे सोंग होणार नाही. त्या म्हणाल्या, बरं, आणि खुर्ची परत मागं सरकवली. जबरदस्ती केली असती तर मी उठून गेलो असतो. त्यांनी मागं सरकवली म्हणूनच माझं तोंड उघडलं. म्हातारीच्या फळीपासून सुरू केलं आणि चाळणीपर्यंत सगळं सांगितलं. खुर्चीकडं बघितलं नाही, बाईंकडंही नाही, कुंडीकडं बघून सांगितलं.

त्यांनी छी-थू केली नाही, समजूत काढली नाही. विचारलं, "तुमच्या पत्नी त्या टाकापुढं रोज काय मागत असतील?"

मी घरी जाऊन आठवत बसलो. पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला होतो, ते पोर मागत असेल? का मागतच नसेल, नुसती आईशी बोलल्यासारखं बोलत असेल? तिचं माहेर खाली कन्नड मुलखाकडं, आईला ती अव्वा म्हणायची. अव्वा लवकर गेली. विहारात ती दर रविवारी पांढरं लुगडं नेसून माझ्याआधी तयार असायची, वंदना तिला माझ्यापेक्षा नीट पाठ होती, ते काही सोंग नव्हतं. आणि रोज पहाटे मी उठायच्या आत नाचणीत हात घालायची, ते पण सोंग नव्हतं. एका अंगात ही दोन कशी राहतात हे मी तिला कधीच विचारलं नाही, कारण विचारलं तर काय होईल हे तिनं म्हातारीच्या दारात बघितलेलं. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून माझी बायको पहाटे कुणाशी काय बोलते हे मला माहीत नव्हतं. तिला माझी भीती होती. मी त्या भीतीला माया म्हणत होतो.

यात धम्माचा दोष नाही, हे मला लिहून ठेवायचंय. करुणा हा शब्द मी माईकशिवाय शेकडो वेळा म्हटलेला आहे. वडलांचा ताठपणा तेवढा मी उचलला. ते ताठ का चालत होते ते विसरलो. त्यांनी आपल्या मानेवरचं जू काढलं होतं. मी म्हातारीच्या फळीवरचं काढलं, आणि मग बायकोच्या डब्यातलं.

पुढच्या मंगळवारी मी जिना चढताच बाईंवर भडकलो. म्हणालो, "माफी कुणाची मागायची तेवढं सांगा. देवीची म्हणाल तर मी देवी मानत न्हाय. हिची म्हणाल तर ती गेली, आमच्यात आत्मा-बित्मा न्हाय, वर बसून कोण ऐकत न्हाय. मग हे कुणाच्या पायावर घालू?"

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही."

एवढं शिकलेल्या बाईला माहीत नाही. पण त्यांनी ते सरळ सांगितलं, त्यामुळं मी खाली बसलो. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हलकं व्हायचं आहे, की कुणाला काही परत द्यायचं आहे?"

मी उठलो. बसमध्ये बसवेना म्हणून राजारामपुरीतून घरापर्यंत चालत आलो. आठवडाभर तो एकच प्रश्न. हलकं व्हायचं होतं, अर्थात. पण हलकं व्हायला मी बाईंपुढं सगळं ओकलोच होतो की, आणि रविवारी मुलगी आली तेव्हा माझी नजर वर होत नव्हती. त्या रविवारी तिनं चुलीमागची एक वीट सैल दिसली म्हणून सुरीनं उकरून काढली. मागं काही नव्हतं. तिनं वीट परत बसवली आणि हात धुतले.

मंगळवारी बाईंना ते सांगितलं. म्हणालो, "टाक काय परत देता येत न्हाय. तो आता लोखंड हाय. पण पोरगी अजून हुडकतीया. तिचं हुडकणं तेवढं थांबवता येईल."

"सांगितल्यावर काय होईल असं वाटतं?"

"यायची बंद होईल. एकुलती एक हाय."

"मग?"

"मग काय. आत्ता येती ती बी फसूनच येती की."

 निघताना मी विचारलं, तुम्ही असता तर सांगितलं असतं का? त्या म्हणाल्या, मला सांगवलं असतं का, ते मला सांगता येत नाही. जिना उतरताना वाटलं, या बाईंनी एवढ्या मंगळवारांत मला एकदाही खोटा धीर दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पहिली बस धरून कबनूरला गेलो. मुलीच्या गल्लीत घरोघर माग आहेत. पहाटेपासून खडखडाट सुरू असतो, बोललेलं बोलणाऱ्यालाच ऐकू येत नाही. ती दारात उभी राहून केस विंचरत होती, अंगणवाडीला निघायच्या घाईत. मला बघून घाबरली. म्हणाली, "आबा, एवढ्या सकाळी? बरं हाय न्हवं? आत या."

मी आत गेलो नाही. पायरीच्या खाली उभा राहिलो आणि सांगितलं. रस्ताभर घोकलेलं होतं तसं, पण आवाज असा निघाला की मागाखाली पार चिरडून गेला. तिनं कानामागं हात नेला. "काय म्हणालासा?"

जन्मभर मला मोठ्यानं बोलायची हौस. तेव्हा एकदाच वाटलं, परत विचारू नये. शेजारची बाई घागर घेऊन नळावर उभी होती. समोरच्या दारात दोन माणसं चहा पीत होती.

मी मोठ्यानं सांगितलं, "तुझ्या आईचा टाक मी भट्टीत टाकला. तू नाचणी चाळत होतीस तवा मला ठावं होतं. आता कुठं हुडकू नको."

नळावरच्या बाईची घागर भरून वाहायला लागली. मुलीच्या हातात कंगवा तसाच राहिला. ती माझ्याकडं बघत होती आणि मी पहिल्यांदा मान खाली घातली नाही. तिनं विचारलं, "आख्खी दुपार?"

"व्हय," मी म्हणालो. "आख्खी दुपार."

ती वळली आणि आत गेली. परतीची बस कोपऱ्यावर थांबलेली दिसत होती. मी पायरीवर बसलो, आणि ती बाहेर येईपर्यंत उठलो नाही.